पाणी जोखताना

पेला

एक पेला पाणी घ्या. नळाचं, माठातलं, जे रोज पिता ते घ्या. समोर ठेवा, पण अजून पिऊ नका. पाठ टेकून बसा. आज कसलीच घाई नाही.

पेल्याच्या पलीकडे जे असेल, खिडकी, भिंत किंवा तुमची स्वतःची बोटं, ते आधी पाण्यातून पाहा. पाणी निर्मळ असलं की नजर त्यावर ठरत नाही, आरपार निघून जाते. आता ती हळूच अलीकडे ओढा आणि पाण्यावरच थांबवा.

माझी आई साताऱ्याकडच्या आमच्या गावाहून पहिल्यांदा इंग्लंडला आली, तेव्हा तिने स्वयंपाकघरात सगळ्यात आधी पाण्याचा फिल्टर शोधला. तो नव्हता. मी नळाखाली पेला धरला, भरला आणि तिच्या हातात दिला. ती तो धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "हे कुणी पाहिलंय का?"

"इथे सगळे नळाचंच पितात, आई."

"ते कळलं. पण कुणी पाहिलंय का?"

पाणी चांगलं आहे का, असं तिने विचारलं नव्हतं. चांगलं आहे हे तिने मानलंच होतं, मुलाच्या शब्दावर. तिला हवा होता तो माणूस, ज्याने या पाण्याकडे लक्ष दिलं. तिचा प्रश्न पेल्याशेजारी ठेवा आणि मनात एकदा सावकाश म्हणा : हे पाणी कुणी पाहिलंय?

मराठीत आपण माणसाचं पाणी जोखतो. कोण किती पाण्यात आहे, हे ओळखतो. आज पाण्याचंच पाणी जोखणाऱ्यांच्या मागोमाग चालू या, त्यांच्याच संथ चालीने.

जीभ

पेला नाकाजवळ न्या. वास घ्या. ब्रिटनमध्ये असाल तर कदाचित क्लोरीनची पुसटशी चाहूल लागेल. गावाकडे असाल तर मातीची, माठाची, वाळ्याची. आता पेला परत खाली ठेवा.

आपल्याकडे विहिरीच्या पाण्याला 'गोड' म्हणतात. गोड पाण्याची विहीर म्हणजे गावाची दौलत. त्या गोडीवर माणसाचा जीव किती जडतो, याची एक गोष्ट लंडनमधली आहे. १८५४ साली सोहो भागात पटकीची साथ आली. त्याच सुमारास तिथून काही मैल दूर, हॅम्पस्टेडमध्ये राहणारी एक विधवा बाई पटकीने गेली. तिच्या आसपास साथ नव्हती. डॉक्टर जॉन स्नो यांनी चौकशी केली, तेव्हा कळलं की ही बाई पूर्वी सोहोत राहत असे. तिथल्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं पाणी तिला इतकं आवडायचं की ती ते मुद्दाम बाटलीतून हॅम्पस्टेडला मागवून घ्यायची.

तिच्यासाठी क्षणभर थांबा. पाण्यावरच्या मायेने ती गेली. तिची जीभ खोटं बोलली नव्हती. पाणी खरोखरच चवदार असेल. पण जिभेला जे कळतं, ते तेवढंच असतं. डोळे, नाक आणि जीभ यांनी हजारो वर्षं आपल्याला सांभाळलं. त्यांना मनातल्या मनात नमस्कार करा आणि त्यांच्या पलीकडे चला.

साक्षीदार

या पेल्यात काय असू नये, याची यादी करायला बसलो तर ती संपणार नाही. विषमज्वराचे जंतू, पटकीचे, आमांशाचे, कावीळ देणारे विषाणू. प्रत्येकाला वेगळं शोधायचं म्हटलं तर आयुष्य पुरायचं नाही. शिवाय यातला एखादा पाण्यात असतो तो थोडा, आणि अधूनमधून.

म्हणून पाणी तपासणाऱ्यांनी वेगळी वाट धरली. चोराला शोधण्याऐवजी त्याचं पाऊल शोधायचं.

१८८५ साली जर्मन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिक यांनी तान्ह्या बाळांच्या शौचातून एका जिवाणूचं वर्णन केलं. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो, एशेरिकिया कोलाय, म्हणजे ई. कोलाय. त्याच वर्षी लंडनमध्ये पर्सी फ्रँकलँड शहराच्या पाण्यातले जिवाणू जिलेटिनवर वाढवून मोजायला लागले होते. पुढे हे दोन धागे एकत्र आले. ई. कोलाय उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात राहतो. त्याच्या बहुतेक जाती निरुपद्रवी असतात, तुमच्याआमच्या पोटात तो आत्ताही नांदतो आहे. पण तो पिण्याच्या पाण्यात दिसला, तर कुठूनतरी विष्ठा त्या पाण्यापर्यंत पोचली आहे. आणि विष्ठेला वाट मिळाली असेल, तर रोगालाही मिळालीच असणार.

यावर थोडा वेळ राहा. ज्याच्यापासून क्वचितच इजा होते, त्याच्या असण्यावरून आपण धोका ओळखतो. ई. कोलाय हा इथे आरोपी कमी आणि साक्षीदार जास्त आहे.

ब्रिटनमध्ये या साक्षीला नीट रूप आलं १९३४ साली. तिथल्या आरोग्य मंत्रालयाने पाण्याच्या जिवाणू तपासणीवर एक पुस्तिका काढली. 'रिपोर्ट ७१' या साध्या नावाने ती पिढ्यान् पिढ्या प्रयोगशाळांत वापरली गेली. तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघत गेल्या आणि आज तिचं काम 'द मायक्रोबायॉलॉजी ऑफ ड्रिंकिंग वॉटर' ही मार्गदर्शक मालिका करते. प्रयोगशाळांतली माणसं तिला आणि तिच्या भावंडांना निळी पुस्तकं म्हणतात. अशा पुस्तकात काव्य नसतं. बाटली कशी धरायची, किती वेळ थांबायचं, काय लिहून ठेवायचं, एवढंच असतं. पण ते सावकाश वाचलं की जाणवतं, प्रत्येक ओळीमागे कुणाची तरी एक चूक आहे, जी पुन्हा होऊ नये म्हणून कुणीतरी लिहून ठेवली.

नळाचं तोंड

आता डोळे मिटले तरी चालतील. पुढचं डोळ्यांपुढे आणा.

आई इथे असतानाच एका सकाळी दाराची बेल वाजली. पाणी कंपनीकडून नमुना घ्यायला एक मुलगी आली होती. खांद्याला थंड पेटी, गळ्यात ओळखपत्र. इंग्लंडमध्ये वाटेल त्या घरच्या नळाचा नमुना असा घेतात. कोणतं घर, ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. त्या दिवशी आमचं निघालं होतं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होती. मुलीने नळाच्या तोंडावरची जाळी काढून ठेवली. नळ पुसला. पाणी दोन-तीन मिनिटं वाहू दिलं. मग बंद करून नळाच्या तोंडावर, आतून-बाहेरून, जंतुनाशक फवारलं आणि घड्याळाकडे पाहत गप्प उभी राहिली. धातूचा नळ असला तर काही ठिकाणी त्याला ज्योतही दाखवतात. मग पुन्हा दोन-तीन मिनिटं पाणी सोडलं. यानंतर कुठे बाटली उघडली. झाकण दुसऱ्या हातातच धरलं, ओट्यावर टेकवलं नाही. पाणी उडू न देता बाटली भरली, वर थोडी जागा रिकामी ठेवली आणि लगेच बंद केली.

आई माझ्या कानाशी म्हणाली, "सोवळ्यातलं काम दिसतंय."

ती वाट पाहण्याची मिनिटं तुम्हीही आत्ता जगा. नळाला जंतुनाशक लागलं आहे. करण्यासारखं काही नाही, फक्त थांबायचं आहे. या थांबण्यातूनच ठरतं की उद्या जे दिसेल ते पाण्याचं असेल की नळाचं. नीट पाहायचं असेल तर आधी आपल्या हाताची घाण बाजूला ठेवावी लागते. माणसाचं पाणी जोखतानाही हेच नाही का? समोरच्यात जे दिसतं, त्यातलं किती त्याचं आणि किती आपल्याच नळाचं?

श्वास घ्या. सोडा.

पांढरी चिमूट, अंधार, गारवा

त्या बाटलीत आधीपासून थोडंसं सोडियम थायोसल्फेट होतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि बाटलीत भरल्यावरही त्याचं काम चालू राहतं. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो वाटेतले जिवाणू मारत जाईल, आणि पाणी जसं होतं त्यापेक्षा चांगलं दिसेल. थायोसल्फेट क्लोरीनला तिथल्या तिथे निष्प्रभ करतं. नळातून बाहेर पडलं त्या घडीचं पाणी जसंच्या तसं राहतं.

जे आहे ते आहे तसं पाहायचं, उगाच चांगलं दिसू द्यायचं नाही, यासाठी घेतलेली ही दक्षता. हे मनात घोळवा. स्वतःबद्दलची किती सत्यं आपण वाटेतच गोड करून टाकतो.

मग बाटली पेटीत गेली. अंधारात, पाच अंश सेल्सिअसच्या आसपासच्या गारव्यात. उजेड जिवाणूंना मारतो, ऊब त्यांना वाढवते. दोन्ही नकोत. त्याच दिवशी तपासणी सुरू व्हावी, आणि अगदीच अडचण आली तरी चोवीस तासांच्या पुढे जाऊ नये, अशी शिस्त आहे.

चाळण

आता प्रयोगशाळेत या. त्या बाटलीतलं शंभर मिलिलिटर पाणी मोजून घेतलं आहे. अर्धा पेला म्हणा. ते एका गोल पांढऱ्या पडद्यातून ओढलं जातं. पडदा ४७ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे साधारण छोट्या पुरीएवढा. त्याची छिद्रं ०.४५ मायक्रॉनची. माणसाचा केस त्या छिद्राच्या शंभरपट तरी जाड असतो. पाणी खाली निघून जातं, जिवाणू वर अडकतात.

माझ्या आजीच्या हंड्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं असे. विहिरीचं पाणी त्यातून गाळून घ्यायचं, मग फडकं उलटं करून झटकायचं. तिला वर काय राहिलं ते दिसायचं, काडी, किडा, शेवाळ. इथे वर जे राहिलं ते कुणालाच दिसत नाही. पडदा तितकाच पांढरा आहे. पण आजीचा हात आणि हा हात एकाच घराण्यातले आहेत.

आधी ऊब

तो पडदा आता अन्नाच्या एका थरावर अलगद ठेवतात. त्या थरात लॅक्टोज आहे आणि रंग बदलणारे पदार्थ आहेत. मग तो इन्क्युबेटरमध्ये जातो.

इथे एक गोष्ट आहे, जिने मला बराच काळ धरून ठेवलं. या जिवाणूंना ३७ अंश मानवतात, आपल्या अंगाचीच ऊब ती. तरी त्यांना थेट ३७ अंशांत ठेवत नाहीत. पहिले चार तास ३० अंशांत ठेवतात आणि मग चौदा तास ३७ अंशांत. कारण पाण्यातून आलेला जिवाणू क्लोरीनने आणि थंडीने थकलेला, जखमी असू शकतो. त्याला एकदम पूर्ण ऊब दिली तर तो उठणारच नाही, आणि तो नव्हताच असं आपण समजू. म्हणून आधी थोडी ऊब, सावरायला वेळ, आणि मग साक्ष.

थकलेल्याला आधी सावरू द्यायचं, मग विचारायचं. हे वाक्य पेल्याशेजारी ठेवा. घरात कुणी दमून आलेलं असेल, तर त्याच्यासाठीही.

अठरा तास झाले. झाकण उघडलं. लॅक्टोज खाऊन आम्ल करणारी कोलीफॉर्म वसाहत पिवळी दिसते. ई. कोलाय ते करतोच, शिवाय त्याच्या एका विकरामुळे निळा रंगही सुटतो. पिवळ्यात निळा मिसळून हिरवा होतो. हिरवा ठिपका म्हणजे साक्षीदार बोलला.

पडदा पांढराच असेल, तर अहवालात लिहितात : शून्य.

शून्य

शंभर मिलिलिटरमध्ये शून्य ई. कोलाय. ब्रिटनच्या कायद्यात पिण्याच्या पाण्याला एवढंच मान्य आहे. एक चालतो, अर्धा चालतो, असं काही नाही. एन्टरोकोकाय या आतड्यातल्याच दुसऱ्या जिवाणूंनाही तीच अट आहे.

पण त्याच बाटलीतल्या पाण्याची आणखी एक परीक्षा होते. २२ अंशांवर, तीनेक दिवस, त्यात जे काही साधेसुधे जिवाणू असतील ते वाढू देतात. तिथे शून्याचा आग्रह कुणी धरत नाही. नियम इतकाच की नेहमीपेक्षा विपरीत बदल नको. पाणी जमिनीतून येतं, नळातून फिरतं, त्यात काही ना काही राहणारच. ते निर्जीव असावं, अशी अपेक्षा नाही. आपल्या नळाचं नेहमीचं वागणं काय आहे, हे ज्याला ठाऊक असेल त्यालाच ते बिघडलेलं कळतं. आणि नेहमीचं वागणं एका दिवसात कळत नाही, वर्षानुवर्षं पाहत राहावं लागतं.

दोन्ही अटी मनात शेजारी शेजारी धरा. एका गोष्टीत तडजोड शून्य. दुसरीत सहवासातून आलेली ओळख. घर चालवायलाही याच दोन लागतात.

निकाल येतो तेव्हा

आता सगळ्यात जड जागा. इथे सावकाश या.

ती मुलगी बाटली घेऊन गेली. आईने दुपारी दोन पेले पाणी प्यायलं, संध्याकाळी चहा केला, रात्री वरणभाताला तेच पाणी वापरलं. अठरा तास उलटून पडदा पाहिला जाईपर्यंत ते पाणी आमच्या अंगात मुरलं होतं. निकाल येतो तेव्हा पाणी पिऊन झालेलं असतं.

म्हणजे ही परीक्षा दारावरचा पहारेकरी नाही. ती कालच्या पाण्याबद्दल सांगते. हिरवा ठिपका दिसला तर धावपळ सुरू होते. खात्रीच्या पुढच्या चाचण्यांची वाट न पाहता त्याच घरचा, शेजारचा, वरच्या टाकीचा नमुना पुन्हा घेतात आणि गरज पडली तर लोकांना पाणी उकळून प्यायला सांगतात. पण जे प्यायलं ते प्यायलं. मग आपल्याला राखतं कोण?

क्रॉयडन, लंडनच्या दक्षिणेकडचं गाव. १९३७ साली तिथे विषमज्वराची साथ आली. ३४१ जण आजारी पडले, ४३ दगावले. ॲडिंग्टनच्या खोल विहिरीत उतरून माणसं दुरुस्तीचं काम करत होती. त्यातल्या एकाच्या अंगात, त्याला स्वतःला त्रास नसतानाही, विषमज्वराचे जंतू होते. काम चालू असताना विहिरीचं पाणी गावाला जातच राहिलं आणि गाळण व क्लोरीन बंद होतं. यातली एक गोष्ट जरी नसती, तरी ती ४३ माणसं राहिली असती. ज्याला एक गोष्ट माहीत होती, त्याने ती दुसऱ्याला सांगितली नव्हती.

आज ब्रिटनमध्ये पिण्याच्या पाण्याजवळ काम करणाऱ्याला स्वच्छतेचं शिक्षण घेऊन एक निळं कार्ड मिळवावं लागतं, आणि तेव्हा तब्येतीबद्दलही विचारतात. इवलंसं प्लास्टिकचं कार्ड. त्यात क्रॉयडनची आठवण आहे.

आईला मी हे सांगितलं तेव्हा तिला गावचा जलसुरक्षक आठवला. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनाही पाण्याच्या स्थितीवरून हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो, मग गावच्या टोकाच्या घरचं पाणी घेऊन ओटी टेस्ट करतो. दोन थेंब टाकले की पाणी पिवळं झालं पाहिजे. पिवळं म्हणजे क्लोरीन शेवटच्या घरापर्यंत पोचला. गावच्या काही बायका आता किट घेऊन स्वतः पाणी तपासायला शिकल्या आहेत. त्यातली एक बाटली भरून उबेला ठेवायची आणि काळी पडली तर समजायचं की पाणी बिघडलं. ही काळ्या रंगाची साधी परीक्षा ग्वाल्हेरच्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये जगापुढे मांडली होती.

टाकीचं झाकण लावणारा, फुटलेली वाहिनी त्याच दिवशी जोडणारा, अंगात कसर असताना 'आज मी विहिरीत उतरत नाही' म्हणणारा. पाणी राखलं जातं ते यांच्या हातून, निकालाच्या कितीतरी आधी. परीक्षा यांचं काम तपासून पाहते, त्यांच्या जागी उभी राहू शकत नाही. एकेकाला डोळ्यांपुढे आणा. नावं माहीत नाहीत. चेहरे असू द्या.

साक्षीदार गप्प असेल तेव्हा

आणखी एक सत्य पचवायचं आहे. शून्य सगळं सांगत नाही.

क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी आहे. त्याच्या चार ते सहा मायक्रॉनच्या टणक कोशांवर क्लोरीनची मात्रा चालत नाही. क्लोरीनने ई. कोलाय मरून जातो आणि हा राहतो. साक्षीदारच नाही आणि चोर घरात. १९८९ च्या सुरुवातीला स्विंडन आणि ऑक्सफर्डच्या भागात याची मोठी साथ आली आणि ब्रिटनने पाणी राखण्याची आपली रीत नव्याने तपासली. तरी मे २०२४ मध्ये डेव्हनमधल्या ब्रिक्सहॅम भागात हजारो घरांना पाणी उकळून प्यायला सांगावं लागलं, आणि काही घरांना जुलैपर्यंत तसंच राहावं लागलं.

हे ऐकून भीती दाटली तर दाटू द्या. पेला तिथेच आहे. भीतीला शेजारी बसवा. जाणत्या माणसाला आपल्या चाळणीतून काय निसटतं हे ठाऊक असतं, म्हणून तो एका चाळणीवर विसंबत नाही. नदीकाठचा गोठा पाहतो, गाळणीची वाळू पाहतो, पाण्याचा गढूळपणा घडोघडी पाहतो.

शेवटची वीत

ती मुलगी जायला निघाली तेव्हा आईने मला विचारायला लावलं, "नमुना बिघडतो तेव्हा चूक बहुतेक कुठे सापडते?"

मुलगी नळाकडे पाहून म्हणाली, पुष्कळदा इथेच. घरच्या नळाच्या तोंडाशी. भांडी पुसायचं ओलं फडकं त्यावरून फिरतं, कच्चं मांस धुतलेले हात त्याला लागतात. मैलोन्मैल राखून आणलेलं पाणी शेवटच्या वितीत बिघडतं.

आई काही बोलली नाही. त्या रात्री भांडी आवरल्यावर तिने नळाची जाळी काढली, गरम पाण्यात टाकली, स्वच्छ कोरड्या कापडाने नळाचं तोंड आतून-बाहेरून पुसलं. गावी ती तांब्याचा हंडा चिंचेने घासते, तेवढ्याच मन लावून. इथे होती तोवर तिने ते रोज केलं.

कंपनीकडून नंतर फोन आला नाही. म्हणजे शून्य.

तुमचा पेला अजून समोर आहे. तो राहू द्या. आधी उठा, आपल्या नळाजवळ जा, माठाजवळ जा. वाकून त्याच्या तोंडाकडे पाहा, जिथे रोज हात जातो पण नजर जात नाही. नळ असेल तर पुसा. माठ असेल तर ओगराळं धुऊन उलटं ठेवा, झाकण बसवा. सावकाश. नंतर परत या आणि पाणी प्या.

आणि उद्या घरात कुणी विचारलं, हे कुणी पाहिलंय का, तर नळाकडे बोट दाखवून सांगता येईल. शेवटची वीत मी पाहिली आहे.